गाठ काढली, मग शेक कशाला?

डभोईच्या एका भगिनींनी या सदराकडे एक प्रश्न पाठविला आहे. त्यांच्या मामंजींच्या मांडीत खोलवर एक गाठ होती. दुखत नव्हती, त्यामुळे वर्षभर तिच्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. पुढे ती वाढू लागली तेव्हा तपासण्या झाल्या, आणि मृदू ऊतींचा कर्करोग, म्हणजे डॉक्टर ज्याला सार्कोमा म्हणतात तो रोग, असल्याचे निदान झाले. मुंबईस शस्त्रक्रिया झाली. पाय वाचला. आता जखम भरत आली असताना डॉक्टरांनी ३३ वेळा किरणोपचार घ्यावयास सांगितले आहेत. मामंजी म्हणतात, "गाठ निघाली, कडा स्वच्छ असल्याचे अहवालात लिहिले आहे, मी काठीवाचून देवघरापर्यंत जातो, मग आता हा शेक कशाला? शस्त्रक्रियेत काही उणे राहिले की काय?" शेजारीपाजारी सांगतात की शेक घेतला की माणूस खंगतो. आम्ही त्यांना काय सांगावे, असे सूनबाई विचारतात.

मामंजींचा हा प्रश्न हट्टाचा मानू नये. तो विचारी माणसाचा प्रश्न आहे. ज्याला सात आठवडे रोज रुग्णालयाची वाट धरावयाची आहे, त्याला ती कशासाठी धरावयाची हे कळलेच पाहिजे. नुसते 'डॉक्टरांनी सांगितले आहे' एवढ्यावर माणूस पहिले दहा दिवस जातो. अकराव्या दिवशी पाऊस पडला, पाव्हणा आला किंवा त्वचा चुरचुरू लागली की त्याचे पाऊल अडखळते. म्हणून हे सदर या महिन्यात त्याच प्रश्नाला दिले आहे.

प्रथम 'शेक' या शब्दाविषयी. गुजरातीच्या सहवासाने आपणही किरणोपचारास शेक म्हणू लागलो आहोत. मुंबईकडचे रुग्ण 'लाईट घेतली' असे म्हणतात. शब्द सोपे आहेत, पण ते मनात भलताच समज रुजवितात. शेक म्हटले की मुरगळलेल्या घोट्यावर ठेवलेली गरम पिशवी डोळ्यांपुढे येते. घेतला तर बरे वाटते, न घेतला तरी फारसे बिघडत नाही. किरणोपचाराचे तसे नाही. ज्या उच्च शक्तीच्या क्ष-किरणांचा वा कोबाल्टच्या किरणांचा येथे उपयोग होतो, ते देताना ऊब लागत नाही, उजेड दिसत नाही, वेदनाही होत नाही. पेशीच्या केंद्रात जो आनुवंशिक द्रव्याचा धागा असतो तो हे किरण तोडतात. निरोगी पेशी असा तुटलेला धागा बऱ्याच अंशी सांधून घेते. कर्करोगाच्या पेशीला ते तितकेसे साधत नाही, आणि विभाजनाची वेळ आली की ती मरते. निरोगी पेशींना दुरुस्तीस अवसर मिळावा म्हणूनच एकूण मात्रा लहान लहान हप्त्यांत, अनेक दिवसांवर वाटून दिली जाते. ३३ या आकड्याचा उगम तेथे आहे.

आता रोगाकडे वळू. स्नायू, चरबी, तंतू, रक्तवाहिन्या, मज्जातंतूंची आवरणे या सर्वांस मिळून मृदू ऊती म्हणतात. त्यांत उद्भवणारा कर्करोग विरळा आहे. प्रौढांच्या सर्व कर्करोगांत त्याचे प्रमाण शेकडा १ च्या आसपास भरते. त्याचे ५० हून अधिक प्रकार आहेत. हातापायांत, आणि त्यांतही मांडीत, तो अधिक आढळतो. बहुधा तो न दुखता वाढतो आणि त्यामुळेच फसवितो. दुखणारी गाठ माणूस त्याच दिवशी दाखवितो. न दुखणारी गाठ सणवार, लग्नकार्य आणि शेतीची कामे उरकेपर्यंत थांबते.

या गाठीची आणखी एक लबाडी ध्यानात घ्यावयास हवी, कारण मामंजींच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तीत आहे. सार्कोमा वाढताना भोवतालच्या ऊतींना दाबत जातो. दबलेल्या ऊतींचे एक पातळ कवच त्याच्याभोवती तयार होते. पाहणाऱ्यास वाटते की गाठ स्वतंत्र आहे, वाटाण्याच्या शेंगेतून दाणा काढावा तशी ती अलगद निघेल. पण ते कवच खरे नसते. रोगाच्या पेशी त्याच्या आत असतात, त्याच्या भिंतीत असतात, आणि पुष्कळदा भिंत ओलांडून पलीकडच्या निरोगी दिसणाऱ्या स्नायूतही गेलेल्या असतात. शेतातील हरळी ज्याने खणली आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. वरचा झुबका उपटला की रान स्वच्छ दिसते. मातीत राहिलेली बोटभर मुळी पुढच्या पावसाळ्यात पुन्हा वर येते. म्हणून जाणता शल्यचिकित्सक नुसती गाठ काढीत नाही. तिच्याभोवतीचा निरोगी ऊतींचा एक थरही गाठीसकट काढतो, आणि काढलेल्या भागाच्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या जातात.

कडा स्वच्छ असल्याचा अहवाल ही आनंदाचीच गोष्ट आहे. तिचे मोल कमी लेखू नये. परंतु तपासल्या जातात त्या बाहेर काढलेल्या भागाच्या कडा, आणि त्याही ठिकठिकाणचे पातळ छेद घेऊन. पायात जे मागे राहिले त्यातील प्रत्येक पेशी कोणासही पाहता येत नाही. शस्त्रक्रियेत उणे राहिले असे नव्हे. सुरी जेथवर पोहोचू शकते तेथवर ती पोहोचली, एवढाच त्या अहवालाचा अर्थ.

मग पूर्वी काय करीत असत? पूर्वी पाय कापीत असत. १९७० च्या दशकापर्यंत हातापायांच्या सार्कोमात सुमारे निम्म्या रुग्णांच्या वाट्यास अवयवच्छेदन येई. नुसती गाठ काढली तर रोग त्याच जागी उलटतो, हा अनुभव पदोपदी येत असल्यामुळे, जीव राखावयाचा तर अंग द्यावे लागेल असा तो हिशेब होता. गाठीभोवतीचा भाग बेताने काढून उरलेल्या सूक्ष्म रोगाचा समाचार किरणांनी घ्यावा, असा विचार काही वैद्यकांनी मांडला. अमेरिकेतील हर्मन सूट हे त्यांतील एक प्रमुख नाव. विचार आकर्षक होता, पण पाय राखण्याच्या मोहात जीव धोक्यात घातला जात नाही ना, हे कोणीतरी पडताळून पाहणे अगत्याचे होते.

ते काम अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत झाले. १९७५ ते १९८१ या काळात, उग्र स्वरूपाचा सार्कोमा असलेल्या ४३ रुग्णांची चिठ्ठी टाकावी त्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करण्यात आली. १६ जणांचे अवयवच्छेदन झाले. २७ जणांचा अवयव राखून शस्त्रक्रिया झाली आणि नंतर किरणोपचार देण्यात आले. औषधोपचार दोन्ही गटांना सारखेच होते. स्टीव्हन रोझेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. अवयव राखलेल्यांपैकी चौघांचा रोग त्याच जागी उलटला. अवयवच्छेदन झालेल्यांत एकाचाही नाही. परंतु ५ वर्षांनी हयात असण्याचे प्रमाण अवयवच्छेदन झालेल्यांत शेकडा ८८ आणि अवयव राखलेल्यांत शेकडा ८३ असे होते; एवढ्या लहान संख्येत हा फरक अर्थपूर्ण मानता येत नाही. अवयव गमावल्याने आयुष्य वाढते असे दिसले नाही. त्यानंतर जगभर पद्धत बदलत गेली. आज हातापायांच्या सार्कोमात अवयवच्छेदनाची पाळी सामान्यतः दहांत एकावर, किंवा त्याहूनही कमी जणांवर, येते.

येथे एक गोष्ट वाचकांनी मनात ठेवावी. त्या २७ जणांचे पाय वा हात राखले गेले ते केवळ शस्त्रक्रियेने नव्हे. शस्त्रक्रिया आणि किरणोपचार मिळून तो उपचार होता. मामंजींचा पाय राखताना शल्यचिकित्सकांनी मनाशी जो हिशेब केला असेल, त्यात हे ३३ दिवस पहिल्यापासून धरलेले असणार. आज सांगितले म्हणून ते आज उपटलेले नाहीत.

यावर मामंजी विचारतील, "किरण दिलेच नाहीत तर काय होते?" तेही पडताळून पाहिले गेले आहे. त्याच राष्ट्रीय संस्थेने अवयव राखून शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची पुन्हा दोन गटांत विभागणी केली; एका गटास किरण दिले, दुसऱ्यास दिले नाहीत. त्याचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. उग्र स्वरूपाचा रोग असलेले ९१ रुग्ण होते. किरण घेतलेल्या ४७ जणांत रोग त्याच जागी उलटला असा एकही नव्हता. किरण न घेतलेल्या ४४ जणांत ९ जणांचा उलटला. म्हणजे साधारण पाचांत एक.

आता जे सांगावयाचे ते थोडे कडू आहे; पण सूज्ञ माणसापासून ते लपवून ठेवणे योग्य होणार नाही. या अभ्यासात दोन्ही गटांच्या आयुर्मानात फरक आढळला नाही. सार्कोमाने जीव जातो तो मुख्यतः रोग रक्तावाटे फुप्फुसांत पोहोचल्यामुळे, आणि मांडीवर दिलेले किरण फुप्फुसांचे रक्षण करीत नाहीत. किरणोपचार राखतात ते अंग. रोग त्याच जागी उलटला तर पुन्हा शस्त्रक्रिया आली. आधीच कापलेल्या, वणांनी भरलेल्या जागी ती पहिल्याहून अवघड. आणि त्या वेळी पाय वाचविता येईलच अशी खात्री कोणी देऊ शकत नाही. तो प्रसंग टाळण्यासाठी हे सात आठवडे आहेत.

दुसरी कडू गोष्ट अशी की, पाचांत एकाचा उलटतो याचा अर्थ चौघांचा किरणांवाचूनही उलटला नसता. त्या चौघांनी सात आठवडे घातले, त्वचेची आग सोसली, आणि त्यांना त्याची गरज नव्हती. पण ते चौघे कोण आणि तो पाचवा कोण, हे आधी सांगण्याची विद्या आज कोणापाशी नाही. काही लक्षणांवरून अंदाज मात्र बांधता येतो. गाठ लहान, कातडीजवळची, सौम्य स्वरूपाची, आणि भोवताली निरोगी ऊतींचा भरपूर थर घेऊन काढलेली असेल, तर पुष्कळदा किरण न देता केवळ लक्ष ठेवले जाते. गाठ ५ सेंटिमीटरांहून मोठी, स्नायूंत खोल रुतलेली वा उग्र स्वरूपाची असेल, किंवा एखादी मोठी शीर वा रक्तवाहिनी राखण्यासाठी एका बाजूस थर पातळ ठेवावा लागला असेल, तर तोल किरणांकडे झुकतो. मामंजींची गाठ मांडीत खोलवर होती. डॉक्टरांचा सल्ला त्यावरून समजण्यासारखा आहे. तरी अहवालातील स्वरूप, आकार आणि कडांचे अंतर या तीन बाबी त्यांनी डॉक्टरांकडून समजावून घ्याव्यात. तो त्यांचा अधिकार आहे.

काही ठिकाणी किरण आधी आणि शस्त्रक्रिया नंतर, असा क्रम ठेवतात. तो चुकीचा नव्हे. कॅनडात १९० रुग्णांवर या दोन क्रमांची तुलना झाली. तिचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. आधी किरण दिले तर मात्रा कमी लागते, ५० ग्रे. नंतर दिले तर ६६ ग्रे. ग्रे हे किरणमात्रेचे माप आहे. लुई हॅरॉल्ड ग्रे या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या नावावरून ते पडले. आधी किरण दिलेल्यांत जखम भरण्याच्या अडचणी शेकडा ३५ जणांना आल्या, नंतर दिलेल्यांत शेकडा १७ जणांना. उलटपक्षी, नंतर दिलेल्या मोठ्या मात्रेमुळे पुढे अवयव अधिक ताठर होण्याकडे कल दिसला. जखमेची अडचण काही महिन्यांत सरते, ताठरपणा मात्र टिकतो. म्हणून अलीकडे अनेक केंद्रे आधी किरण देणे पसंत करतात. ज्यांची शस्त्रक्रिया झालेली आहे त्यांच्यापुढे हा पर्याय उरत नाही, आणि त्याबद्दल हळहळण्याचेही कारण नाही. रोग त्या जागी रोखण्याच्या बाबतीत दोन्ही क्रम सारखेच ठरले.

आणखी एक रीत आपल्या मुंबईतच दीर्घकाळ वापरात आहे. शस्त्रक्रिया चालू असतानाच, गाठ जेथून काढली त्या जागी बारीक पोकळ नळ्या बसवितात, आणि काही दिवसांनी त्यांतून इरिडियमचा किरणोत्सर्गी कण फिरवून आतूनच किरण देतात. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी अशा १५५ रुग्णांचा दीर्घकाळचा अनुभव २००७ साली प्रसिद्ध केला. या रुग्णालयाची कुळकथाही या विषयाला धरून आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. त्यानंतर सर दोराबजींच्या नावे असलेल्या विश्वस्त निधीने उभारलेले हे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९६२ साली ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे सोपविण्यात आले. रुग्णालय आणि अणुऊर्जा यांचा काय संबंध, असे कित्येकांना वाटते. किरणोपचार हाच तो संबंध.

आता प्रत्यक्ष उपचार कसा होतो ते सांगतो, कारण अर्धी भीती अज्ञानाची असते. जखम पुरती भरल्यावर, बहुधा शस्त्रक्रियेनंतर महिना ते दोन महिन्यांत, उपचार सुरू होतो. आरंभी एक दिवस आखणीचा असतो. पाय रोज त्याच स्थितीत राहावा म्हणून त्याच्या मापाचा साचा करतात, सी. टी. स्कॅन काढतात, आणि त्वचेवर खुणेचे बारीक ठिपके देतात. ते ठिपके धुऊन जातील म्हणून काळजी वाटली तरी घरी स्वतः पेनाने गिरवू नयेत, रुग्णालयातच सांगावे. किरण कोठे द्यावयाचे हे आखताना पायाचा संपूर्ण घेर कधी घेत नाहीत; एका बाजूस त्वचेची व खालच्या ऊतींची एक पट्टी मुद्दाम किरणांबाहेर ठेवतात. तीतून लसिकेचा प्रवाह चालू राहतो, आणि पायास कायमची सूज येण्याचा धोका कमी होतो. मग आठवड्यातून ५ दिवस, रोज सुमारे २ ग्रे. ३३ दिवसांचे ६६ ग्रे होतात. रोजचे काम दहापंधरा मिनिटांचे. त्यांत प्रत्यक्ष किरण काही मिनिटेच.

घरातील नातवंडांना आजोबांजवळ जाऊ द्यावे काय, अशी शंका हमखास निघते. अवश्य जाऊ द्यावे. बाहेरून दिलेले किरण यंत्र थांबताच थांबतात. रुग्णाच्या अंगात किरणोत्सर्ग राहत नाही, त्याच्या ताटावाटीत उतरत नाही, कोणाला बाधत नाही. त्याचे अंथरूण निराळे करणे हा अन्याय आहे. डोक्याचे केसही जात नाहीत. किरण मांडीवर असतील तर केस जातील ते मांडीवरचेच.

माणूस खंगतो, या समजुतीत तथ्य किती? थकवा येतो, हे खरे. तिसऱ्याचौथ्या आठवड्यापासून तो जाणवतो, आणि उपचार संपल्यावर काही आठवड्यांनी ओसरतो. त्वचा लाल होते, काळवंडते, कधी सोलवटते. त्या जागी तेल चोळू नये, गरम पाण्याची पिशवी लावू नये, घरगुती लेप लावू नयेत, घट्ट कपडा घालू नये. डॉक्टर देतील तेच मलम लावावे आणि सैल सुती कपडे वापरावेत. जेवण नेहमीचेच, पण सकस हवे; पथ्याच्या नावाखाली डाळ, दूध, अंडी बंद करून माणसास अशक्त करू नये. दूरचे परिणामही आहेत, आणि ते सांगितले पाहिजेत. स्नायू आखडतात, सांधा ताठरतो, पाय सुजतो, आणि क्वचित काही वर्षांनी मांडीचे हाड ठिसूळ होऊन मोडते. फार विरळा, पुष्कळ वर्षांनी, किरण दिलेल्या जागी दुसरा कर्करोग उद्भवतो. वर उल्लेखिलेल्या १९९८ च्या अभ्यासात किरण घेतलेल्यांच्या अवयवाची शक्ती आणि हालचाल काहीशी उणावली होती, सूजही अधिक होती. परंतु हे दोष पुष्कळदा तात्पुरते ठरले आणि दैनंदिन जीवनावर त्यांचा परिणाम थोडाच दिसला. यावर एकच उपाय रुग्णाच्या हातात आहे. फिजिओथेरपिस्ट शिकवील तो व्यायाम पहिल्या दिवसापासून रोज, आणि उपचार संपल्यावरही कित्येक महिने, करीत राहावे. पाय दुखतो म्हणून तो उशीवर ठेवून बसणाऱ्याचा पाय तसाच आखडतो.

डभोईच्या माणसाने हे उपचार घ्यावेत कोठे? खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत, १८६२ साली, मियागाम ते डभोई ही अरुंद रुळांची गाडी सुरू झाली तेव्हा ती बैल ओढीत. मुंबई त्या काळी खरोखरच दूर होती. आज डभोईहून बडोदे सुमारे ३० किलोमीटर, आणि २०२१ पासून रूंद रुळांवरील गाडीही आहे. असे असले तरी शस्त्रक्रियेसाठी मुंबईस गेलेल्या माणसाने सात आठवडे तेथेच खोली घेऊन राहावे, असा नियम नाही. वाघोडिया तालुक्यात गोरज येथे मुनी सेवा आश्रमाचे कैलास कॅन्सर हॉस्पिटल आहे, आणि अहमदाबादेस १९७२ साली स्थापन झालेली गुजरात कॅन्सर ॲण्ड रिसर्च इन्स्टिट्यूट आहे. दोन्हीकडे किरणोपचार होतात. मुंबईच्या डॉक्टरांना विचारून घराजवळ किरण घेता येतील काय, हे पाहावे. मात्र तसे करताना एक काळजी घ्यावी. किरण द्यावयाचे असतात ते गाठ जेथे होती त्या जागेस, आणि ती गाठ तर आता तेथे नाही. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीचा एम. आर. आय., शस्त्रक्रियेचा लेखी वृत्तांत आणि विकृतिशास्त्राचा संपूर्ण अहवाल ही तीन कागदपत्रे किरणोपचार तज्ज्ञास मिळालीच पाहिजेत. केवळ सुटीचा कागद पुरत नाही. या कागदांची एक फाईल करून ती घरातील जबाबदार माणसाने सांभाळावी. आयुष्मान कार्ड असल्यास रुग्णालयातील मदत कक्षाकडे चौकशी करावी. उपचारार्थ प्रवास करणाऱ्या कर्करुग्णास आणि त्याच्या सोबत्यास रेल्वेभाड्यात सवलत मिळते, तिचा फॉर्म रुग्णालयातूनच भरून घ्यावा.

आणि सुरू केलेला उपचार मध्येच सोडू नये. शनिवार-रविवारची सुटी हिशेबात धरलेली असते. आपल्या मर्जीने घेतलेली सुटी धरलेली नसते. हप्त्यांमधील अंतर वाढले की निरोगी पेशींबरोबर रोगाच्या उरलेल्या पेशींनाही सावरावयास सवड मिळते. वीस दिवस घेऊन सोडलेल्या उपचाराचे दुष्परिणाम पदरात पडतात आणि लाभ मात्र पुरता मिळत नाही. उपचाराच्या तारखा आखतानाच घरातील कार्ये, दुकानाचे हिशेब आणि नवरात्राचे दिवस डोळ्यांपुढे ठेवावेत. प्रकृतीच्या कारणाने खंड पाडावयाचा झालाच, तर तो डॉक्टरांनी ठरवावा.

उपचार संपल्यानंतर तपासणी चुकवू नये. पहिली दोनतीन वर्षे साधारण तीन ते चार महिन्यांनी, पुढे पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा, पाय आणि छाती दोन्ही तपासली जातात. छातीची तपासणी कशासाठी हे वर आलेच आहे. फुप्फुसातील डाग लवकर सापडला तर तोही काही रुग्णांत शस्त्रक्रियेने काढता येतो.

तेव्हा मामंजींना असे सांगावे: शस्त्रक्रियेत उणे राहिलेले नाही. आपला पाय राखण्याचा निर्णय झाला तेव्हाच त्या निर्णयाचा उत्तरार्ध म्हणून हे ३३ दिवस ठरले होते. ते आयुष्य वाढवितील असे वचन कोणी देत नाही. पण ज्या पायाने आपण आज देवघरापर्यंत जाता, तो पाय आपल्यापाशी राहण्याची शक्यता ते पुष्कळ वाढवितात. एवढे ऐकूनही नको म्हणावयाचे असेल, तर ते डॉक्टरांसमोर बसून, अहवाल पुढे ठेवून म्हणावे. शेजाऱ्यांच्या गोष्टी ऐकून म्हणू नये.

शेजाऱ्यांनाही काम आहेच. रोज न्यायला-आणायला घरातील एक माणूस अडकतो. आळीतील पाच घरांनी आठवड्याचा एकेक वार वाटून घेतला, कोणी सोबतीस गेले, कोणी दुपारचा डबा दिला, तर सात आठवडे कसे सरले ते कळतही नाही. गुजरातेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी घरांनी एकमेकांच्या मौंजी-लग्नांत हेच केले आहे.

शेवटी सर्वच वाचकांसाठी एक सूचना. अंगावरील बहुतेक गाठी निरुपद्रवी चरबीच्या असतात. प्रत्येक गाठीने भिऊन जाऊ नये. पण जी गाठ ५ सेंटिमीटरांहून, म्हणजे मोठ्या लिंबाहून, मोठी आहे, जी वाढत आहे, जी कातडीखाली सरकत नसून खोल स्नायूत आहे, किंवा जी एकदा काढल्यावर पुन्हा आली आहे, ती दुखत नसली तरी दाखवावी. आणि अशी गाठ कोणी घाईने जागा बधिर करून काढून टाकू म्हणाले, तर थांबावे. आधी एम. आर. आय., मग सुईने घेतलेला तुकडा, मग निदान, आणि त्यानंतर सुरी; हा क्रम उलटला तर पुढचे सर्व उपचार अवघड होतात. बडोद्यास सर सयाजीराव जनरल हॉस्पिटलात दाखवून पुढील दिशा विचारता येते. वर्षभर थांबलेली गाठ आणखी एक सण थांबणार नाही, हे मात्र लक्षात असू द्यावे.